गाठ पुढे, इम्प्लांट मागे

स्तनात इम्प्लांट बसवलेल्या बाईच्या हाताला नंतर कधी गाठ लागली, की घरातून, शेजारून आणि क्वचित दवाखान्यातूनही एकच उत्तर येतं : ‘ऑपरेशनचंच असेल काहीतरी.’ असेलही. पण सगळ्यात आधी हेच गृहीत धरणं मला चुकीचं वाटतं. इम्प्लांट दुधाच्या ग्रंथींच्या मागे बसवतात, कधी छातीच्या स्नायूवर तर कधी त्याच्याही खाली. म्हणजे स्तनाचा स्वतःचा भाग पुढे, त्वचेकडे राहतो. कर्करोगामुळे स्तन काढून इम्प्लांटने पुन्हा आकार दिला असेल, तरी उरलेली त्वचा आणि चरबी इम्प्लांटच्या पुढेच असते आणि रोग उलटला तर बहुधा तिथेच दिसतो. मागून टणक आधार मिळाल्याने पुढची गाठ उलट लवकर हाताला लागू शकते. बोटांनी चाचपताना जे पुढे, त्वचेखाली लागतं, त्याचा दोष मागच्या पिशवीवर टाकण्याआधी ती जागा सोनोग्राफीवर बघायला हवी.

हे अंकुशनगरच्या संदर्भात का लिहायचं, असं कुणी विचारील. अंबड तालुक्यातलं, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. इथे इम्प्लांट कुणाला? इम्प्लांट म्हणजे नट्यांची हौस, ही समजूत या प्रश्नामागे आहे. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेतही इम्प्लांट वापरतात, आणि ऑपरेशन मुंबई-पुण्याला झालं तरी गाठ घरी, आंघोळ करताना हाताला लागते. ती कार्तिकात लागली तर गाळप हंगाम तोंडावर असतो. ऊसतोड, मुकादमाची उचल, पोरांची शाळा. ‘हंगाम उरकला की बघू’ म्हणता म्हणता चैत्र येतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 1999 साली स्तनाच्या कर्करोगावरचे 87 अभ्यास एकत्र करून तपासले गेले. पहिलं लक्षण दिसल्यापासून उपचारापर्यंत तीन महिने किंवा जास्त गेलेल्या स्त्रियांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण, लवकर आलेल्यांपेक्षा 12 टक्क्यांनी कमी आढळलं. एक गाळप हंगाम सहसा तीन महिन्यांहून मोठा असतो.

आता खरा आक्षेप. इम्प्लांटनंतरच्या बऱ्याच गाठी निरुपद्रवी असतात, मग बायकांना घाबरवायचं कशाला? पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. ऑपरेशनमध्ये रक्तपुरवठा तुटलेली चरबी मरते आणि तिची टणक गाठ होते. तेल साठून गुळगुळीत गोळी होते. आतल्या टाक्याची गाठ लागते. इम्प्लांटची कड किंवा सुरकुती बोटाला फसवते. शरीर इम्प्लांटभोवती आवरण तयार करतं, ते आवळलं की सगळा स्तनच घट्ट होतो. पिशवी फाटून सिलिकॉन बाहेर झिरपलं तर त्याच्याही गाठी होतात, काखेतसुद्धा. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते दाट धुक्यासारखं पांढरं पसरलेलं दिसतं आणि त्यामागचं काहीच दिसत नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं 2010 मध्ये उघड झालं, तेव्हा अशा गाठींची चर्चा जगभर झाली. पण पंचाईत अशी, की मेलेल्या चरबीची गाठ आणि कर्करोगाची गाठ बोटाला सारखीच लागू शकते. ‘बहुधा निरुपद्रवी’ हे निदान तपासणीच्या शेवटी करायचं असतं. आणि न दुखणारी गाठ म्हणजे काळजी नाही, हा हिशेब तर उलटाच. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

मॅमोग्राफी नॉर्मल आली म्हणजे सुटलो, असंही नाही. सिलिकॉन क्ष-किरण अडवतं आणि स्तनाचा काही भाग त्याच्या सावलीत जातो. अमेरिकेतल्या 2004 च्या मोठ्या अभ्यासात, कोणतंही लक्षण नसलेल्या स्त्रियांमध्ये मॅमोग्राफीने इम्प्लांट असताना 45 टक्के कर्करोग पकडले, नसताना सुमारे 67 टक्के. इम्प्लांट मागे ढकलून फक्त पुढचा भाग दाबून फोटो घेतला तर बरंच जास्त दिसतं. पण त्यासाठी टेक्निशियनला इम्प्लांट असल्याचं आधी सांगावं लागतं, आणि नेमकं तेच लाजेपोटी सांगायचं राहतं. म्हणून गाठ असेल तर सोबत सोनोग्राफी हवीच, तीही पोटाच्या प्रोबने नव्हे, वरवरच्या भागासाठीच्या लिनिअर प्रोबने. शंका उरलीच तर सुईने नमुना काढून तपासणी. सुईने इम्प्लांट फुटेल ही भीती सगळीकडे भेटते. सोनोग्राफीत बघत सुई छातीला समांतर सरकवली तर तो धोका अगदी थोडा असतो. शिवाय इम्प्लांट बदलता येतं.

महागडी यंत्रं नसतील तिथे नुसत्या हाताने काय होणार, या शंकेला मुंबईतूनच उत्तर आहे. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. त्या गटात सापडलेल्या कर्करोगांपैकी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले 37 टक्के होते, दुसऱ्या गटात 47 टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांना मात्र मृत्यूच्या बाबतीत फायदा दिसला नाही, आणि हा अभ्यास इम्प्लांट असलेल्यांचा नव्हता. हे दोन्ही मान्य. पण तो चाळणीचा प्रयोग होता, काहीच तक्रार नसलेल्यांवरचा. जिच्या हाताला गाठ लागली ती चाळणीच्या पुढे गेलेली असते. तिचं वय पंचवीस असो की साठ, तिला निदान लागतं.

गाठीशिवाय आणखी एक खूण आहे. ऑपरेशनला वर्षं उलटल्यावर एकच स्तन अचानक सुजला, तर आत पाणी साठलेलं असू शकतं. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती होणारा एक दुर्मीळ लिम्फोमा बऱ्याचदा असाच दिसतो. त्यामुळेच 2019 मध्ये अ‍ॅलर्गनने आपली त्या प्रकारची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. ते पाणी काढून फेकायचं नाही, हा लिम्फोमा ओळखण्यासाठीच्या सीडी-30 तपासणीला पाठवायचं. मात्र त्या वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार : इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, गुळगुळीत की खरखरीत, स्नायूच्या वर की खाली? उत्तर इम्प्लांटच्या खोक्यासोबत येणाऱ्या स्टिकरवर आणि ऑपरेशनच्या नोंदीत असतं. ते कागद मागून घ्यावेत आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवावेत. घरात तेवढी एकच पिशवी कधी हरवत नाही.