“मला थंडी वाजत नाहीये” म्हणणारा पेशंट

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक तिशीचा तरुण आला. आजार काही नव्हता. मित्रांबरोबर बर्फातल्या ट्रेकला निघाला होता आणि त्याला एवढेच विचारायचे होते, “डॉक्टर, उंचीवर त्रास होऊ नये म्हणून कुठली गोळी घेऊ?” गोळीबद्दल मी सांगितलेच, पण त्याआधी त्याला एक केस सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो. यातला पेशंट मी स्वतः आहे.

काही वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला मी, माझी पत्नी आणि मेहुणा असे तिघे उत्तराखंडात गेलो होतो. चोपता ते तुंगनाथ ही वाट तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. पंचकेदारांपैकी एक असलेले हे मंदिर सुमारे ३,६८० मीटर उंचीवर आहे. चोपत्यापासून जेमतेम साडेतीन-चार किलोमीटरची दगडी पायवाट. यात्रेच्या दिवसांत साठी ओलांडलेली माणसेही काठी टेकत वर जातात. हिवाळ्यात मात्र मंदिर बंद असते, देवाची उत्सवमूर्ती खाली मक्कूमठला आणलेली असते आणि वाट बर्फाखाली गेलेली असते. “सिंहगड दर रविवारी चढतो, चार किलोमीटरचे काय एवढे!” असा माझा हिशेब होता.

सकाळी आठला निघालो. बरोबर जवळच्याच सारी गावातला विशीतला वाटाड्या होता. बुटांना लावायचे लोखंडी दात भाड्याने घेतले होते. ऊन छान होते. बुरांशाच्या झाडांना कळ्या धरल्या होत्या. थंडीच्या धास्तीने मी निघतानाच सगळे कपडे अंगावर चढवले होते आणि सर्वांत आत होता रोजचा सुती बनियन. तासाभरात तो घामाने चिंब झाला. जाकीट काढायला हवे होते, पण सॅक कोण उघडणार म्हणून तसाच चालत राहिलो. झाडी संपली, उघडे डोंगरउतार सुरू झाले, ऊन ढगाआड गेले आणि वारा सुटला. चौखंब्याचे फोटो काढायला मी हातमोजे काढून बराच वेळ उभा राहिलो.

पुढचे मला जे आठवते त्यापेक्षा पत्नीने सांगितलेले अधिक खरे आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी आधी गप्प झालो. तिने चिक्की दिली, तर मला तिचा कागद सोडवता येईना. दातांनी फाडला आणि उगाचच तिच्यावर खेकसलो. मग सपाट जागेवर दोनदा अडखळलो.

“अहो, तुमचं बोलणं जड येतंय. थंडी वाजतेय का?”

“मला थंडी वाजत नाहीये. मी डॉक्टर आहे, मला कळतं.”

वाटाड्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “सर जी, नीचे चलते हैं. हवा और बढ़ेगी.” मी वाद घालू लागलो. वीस मिनिटांवर मंदिर आहे, एवढ्या लांब येऊन परत कसे जायचे? शेवटी मेहुण्याने माझ्या खांद्यावरची सॅक काढून घेतली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माझ्यापुढे कधी आवाज न चढवणारा माणूस. “भाऊजी, चला,” एवढेच तो म्हणाला आणि उतरायला लागला.

थोडे खाली हिवाळ्यात बंद असलेली चहाची टपरी होती. तिच्या आडोशाला मला सॅकवर बसवले, ओला बनियन काढला, मेहुण्याचे कोरडे कपडे घातले, टोपी घातली, थर्मासमधला भरपूर साखरेचा गरम चहा पाजला. अर्ध्या तासाने बोटे चालू लागली, डोके ठिकाणावर आले. मघापासून आपण थडथडत होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. आणि आदल्याच संध्याकाळी या दोघांना मी हायपोथर्मियावर व्याख्यान दिले होते!

नेमके काय झाले?

आपल्या शरीराच्या आतल्या भागाचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ च्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी उणे वीस अंशांची थंडी लागत नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की शून्याच्या आसपासही हे होते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते आणि सुती कापड ते पाणी धरून ठेवते. चालताना स्नायू उष्णता तयार करतात, तुम्ही थांबलात की ती कमी होते. मग हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे बधिर होतात. त्याच सुमारास मेंदूही मंदावू लागतो. धोका ओळखण्याचे काम ज्याचे, तोच मंदावतो. प्यायलेला माणूस “मला चढलेली नाही” असे ठासून सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

माझे तापमान कुणी मोजले नव्हते, पण लक्षणे सौम्य हायपोथर्मियाची होती. तुम्ही विचाराल, हा उंचीचा त्रास कशावरून नव्हता? त्या उंचीवर हवेचा दाब, म्हणजेच मिळणारा ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. शंका रास्त आहे. मला डोकेदुखी, मळमळ नव्हती. पण अडखळणे आणि असंबद्ध बोलणे हे मेंदूला सूज आल्यानेही होते, रक्तातली साखर उतरल्यानेही होते. डोंगरावर हा निवाडा करत बसू नका. पहिले उपाय सारखेच आहेत: खाली उतरा, ऊब द्या आणि पूर्ण शुद्धीवर असेल तर गोड द्या.

लक्षात ठेवा:

• आतला कपडा सुती नको, लोकरीचा किंवा सिंथेटिक हवा. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
• घाम येण्याआधी एक थर काढा, थांबल्याबरोबर चढवा.
• तहान लागली नाही तरी पाणी प्या, दर तासाला काहीतरी खा.
• ताजा बर्फ सूर्याचे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो. ढगाळ असले तरी गॉगल लावा.
• अंग गरम होते म्हणून दारू नको. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर जाते. गार पडलेले हातपाय चोळूही नका.
• बोट गार असेल तर ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका.
• इन्सुलिन घेत असाल तर ते गोठू देऊ नका, अंगालगत ठेवा. मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तदाबाचे औषध चालू असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा.
• थडथडणे थांबले आणि माणूस सुस्त झाला, तर तो बरा होत नसून बिघडत आहे. त्याला चालवू नका, हळुवारपणे हाताळा आणि तातडीने मदत मिळवा.

त्या तरुणाला मी शेवटी विचारले, “बरोबर कोण आहे? आणि ‘परत फिर’ म्हटल्यावर तू कुणाचं ऐकशील?” तो हसला, पण मी गंमत करत नव्हतो. आता आम्ही निघण्यापूर्वीच ठरवतो. बरोबरच्या दोघांनी परत फिरायला सांगितले की तिसऱ्याने वाद घालायचा नाही. तो डॉक्टर असला तरी.

त्या दिवसाने माझ्या ओपीडीतही एक बदल झाला. पेशंट म्हणतो, “मला काही झालेलं नाही, हिनेच ओढून आणलं.” पूर्वी मी त्याच्याशीच बोलायचो. आता खुर्ची थोडी वळवतो आणि शेजारी बसलेल्या बाईंना विचारतो, “तुम्हाला काय वाटलं ते आधी सांगा.”

तुंगनाथ अजून राहिले आहे. पुढच्या वेळी बनियन लोकरीचा.