उलट्या बाजूने

भाची शिकायला बाहेरगावी गेली आणि जाताना तिचा मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, खोका माझ्याकडे टाकून गेली. "मावशी, वाळवी लागू देऊ नकोस," एवढीच ताकीद. एका पावसाळी रविवारी वरचं पुस्तक उचललं आणि हाताच्या सवयीने उघडलं. पहिल्याच पानावर सूचना होती, की ही पुस्तकाची मागची बाजू आहे, उजवीकडून डावीकडे वाचा. मी ती वाचली नाही. औषधाच्या बाटलीवरची तरी कोण वाचतं? पाचसात पानं झाल्यावर लक्षात आलं की कोण मेलं ते आपल्याला कळून चुकलंय, आणि तो कोण हे मात्र अजून कळायचंय.

सुरुवातीच्या काळात इंग्रजी प्रकाशक परक्या वाचकाला त्रास नको म्हणून ही पानं आरशात धरल्यासारखी उलटी करून छापत. त्यात सगळे सामुराई डावखुरे झाले. किमोनोचं तर त्याहून वाईट. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो. उजवी वर येते ती फक्त प्रेताची. म्हणजे वाचकाच्या सोयीपायी अख्खं गाव मढ्याच्या कपड्यांत हिंडत होतं.

*

'व्हॅगाबाँड' आणि 'मुसाशी' एकाआड एक वाचतेय. एइजी योशिकावांची 'मुसाशी' 1935 ते 1939 या काळात 'आसाही' वर्तमानपत्रात रोज थोडी थोडी येत होती, आणि ते जाणवतं. प्रत्येक प्रकरण उद्याच्या अंकाकडे डोळा लावून संपतं. योगायोग तर इतके, की सतराव्या शतकातला जपान म्हणजे आपला लक्ष्मी रोडच असावा. जो तो ज्याला त्याला भेटतो. तरी हातातून सुटत नाही.

ताकेहिको इनोउए यांनी 1998 मध्ये याच कादंबरीवरून 'व्हॅगाबाँड' सुरू केली. कादंबरीतला सासाकी कोजिरो बढाईखोर, तोंडाळ, आपल्या रूपावर खूश. त्याच्या लांबलचक तलवारीचं नाव 'मोनोहोशीझाओ', म्हणजे कपडे वाळत घालायची काठी. (नाव वाचून मी हसले. आमच्या गॅलरीत ती आहे.) इनोउएंनी याच माणसाला जन्मतः बहिरा केलं. अशी धिटाई मूळ पुस्तक कोळून प्यायलेल्यालाच शोभते. बडबड्याचा आवाजच काढून घेतला आणि त्याच्या वाट्याची पानंही मुकी झाली. वारा, लाटा, खांद्याचा कल, पापणी. तलवारबाज समोरच्याकडे कसा बघत असेल, ते कादंबरीतल्या चारशे वाक्यांनी मला सांगितलं नव्हतं. मधूनच इनोउएंनी टाक ठेवून ब्रश घेतला, तेव्हापासून तर रेषेला श्वास फुटलाय.

शेवटाकडे मुसाशी एका दरिद्री गावात येतो आणि तलवार सोडून माती उपसत बसतो. पीक येत नाही, पाणी हवं तिथे राहत नाही, माणसं उपाशी मरतात. भाचीचं मत: "तिथे काहीच होत नाही, भरभर पुढे जा." मी तिथेच रेंगाळले. आपल्याकडे 'बनगरवाडी' वाचून वाढलेल्याला ओसाड जमिनीच्या चित्रात काही होत नाही असं वाटूच शकत नाही. माडगूळकरांच्या हाताला चित्रं काढायची सवय होती, हे त्यांच्या गद्यात कायम दिसतं. जेवढी रेष हवी तेवढीच. खाली रंगवलेलं काही नाही.

2015 पासून 'व्हॅगाबाँड' थांबलेली आहे. सदतीस भाग झाले, आणि मुसाशी-कोजिरोच्या ज्या द्वंद्वासाठी सगळा प्रवास, ते अजून व्हायचंय.

*

जपानीत शांततेलाही आवाज आहे. 'शीऽऽन.' रिकामी खोली काढायची आणि तिच्यात हे अक्षर तरंगत ठेवायचं. इंग्रजी अनुवादक इथे हात टेकतो. कुणी तिथे सरळ 'सायलेन्स' लिहितो, म्हणजे दवाखान्यातली पाटी.

मराठीत काय म्हणू? 'किर्र' आहे, पण ते रातकिड्यांचं. 'चिडीचूप' वर्गातलं, गुरुजी आल्यावरचं. 'सुन्न' माणूस होतो, खोली होत नाही. 'ढिम्म' जवळपास जातं, पण त्यात एक हट्टी चेहरा आहे. 'सामसूम' ठीक, पण ती संध्याकाळनंतरची आणि रस्त्यावरची. दुपारी तीन वाजता, घरात कोणी नसताना, टेबलावर चहाचा रिकामा कप असताना जे असतं, त्याला आपल्याकडे शब्द नाही.

बाकी कोठार मात्र भरलेलं आहे. त्यांची छाती 'डोकी डोकी' करते, आपली धडधडते. पाऊस रिपरिप, भुरभुर, बदाबदा. डोळे टकामका, दिवा लुकलुक, पोट गुडगुड, काच खळ्ळकन, दार धाडकन. कोणी मंगा मराठीत आणायला बसलंच तर आवाजांसाठी त्याने इंग्रजीच्या दारात जाऊ नये. 'बूम' आणि 'क्रॅश' लिहिलेलं दिसलं तर मी पुस्तक परत करीन.

*

दोनशे पानांचा मंगा मी पाऊण तासात संपवला. तो काढायला किती महिने लागले असतील, या विचाराने लग्नात पंगत उरकून उठलेल्या पाहुण्यासारखं वाटलं.

*

हिरोशिमावरची दोन पुस्तकं. मासुजी इबुसे यांची 'कुरोई आमे' (काळा पाऊस, 1965-66) आणि केइजी नाकाझावा यांची 'हादाशी नो गेन' (अनवाणी गेन), जी 1973 मध्ये मुलांच्या साप्ताहिकात, 'शोनेन जंप'मध्ये, सुरू झाली. दोन्ही एका आठवड्यात वाचायला नको होती.

इबुसेंची सुरुवात बाँबने नाहीच, लग्न जमवण्यापासून आहे. यासुको लग्नाची झालीये आणि स्थळं परत जातायत. ती त्या दिवशी शहरात होती, आजारी आहे, अशी कुजबुज गावभर. मामा शिगेमात्सू तिची रोजनिशी नीट उतरवून काढायला बसतो. ती स्फोटाच्या जागेपासून लांब होती हे मध्यस्थाला कागदावर दाखवायचं. मराठी घरात हे समजावून सांगावं लागत नाही. पत्रिका, डाग, 'मुलीला काही नाही ना' हा खालच्या पट्टीतला प्रश्न. उतरवता उतरवता काळ्या पावसाचं पान येतं. ते ठेवायचं की गाळायचं? त्या एका अडचणीत सगळी कादंबरी आहे. मध्येच शिगेमात्सूची बायको युद्धकाळात काय शिजवत होते ते लिहून देते, शांतपणे, कुठल्या पाल्याचं काय केलं इथपर्यंत. जळालेल्या शहरापेक्षा त्या यादीने मला जास्त हलवलं.

मग 'गेन'. पहिले दोन भाग मी वैतागून वाचले. सगळे तोंड आ करून ओरडतात, बाप मुलांना बदडतो, मुलं एकमेकांना बदडतात, मध्येच गाणी, मध्येच विनोद. इबुसेंच्या दिवाणखान्यातून एकदम चाळीच्या नळावर. माझ्यातल्या वाचनालयवाल्या बाईने नाक मुरडलं, हे कबूल करते. पण नाकाझावा 6 ऑगस्ट 1945 ला सहा वर्षांचे होते, शाळेच्या भिंतीआड असल्याने वाचले. वडील, बहीण, भाऊ गेले. त्याच दिवशी आईला मुलगी झाली, तीही पुढे गेली. 1966 मध्ये आई वारली, तेव्हा दहनानंतर वेचायला अस्थी उरल्या नव्हत्या, नुसती राख. अणुबाँबवर काढायचं ते त्यांनी तिथे ठरवलं. इबुसे हे हिरोशिमा जिल्ह्याचेच, पण त्या दिवशी शहरात नव्हते; दुसऱ्याच्या खऱ्या रोजनिशीवरून त्यांनी कादंबरी उभी केली. कमी आवाजात बोलणं त्यांना परवडतं. सहा वर्षांच्या पोराने का परवडवून घ्यावं?

आता माशाची गोष्ट. 'गेन'मध्ये आजारी, गरोदर आईला खाऊ घालायला पोरं श्रीमंताच्या तळ्यातून कोई मासा चोरतात. हिरोशिमा शहराच्या शाळांतल्या शांतताशिक्षणाच्या पुस्तिकेत हा प्रसंग होता. 2023 मध्ये 'गेन' त्यातून काढून टाकला गेला, आणि मुलांना हा प्रसंग चोरीचं समर्थन वाटेल, ही त्यामागची एक शंका होती. अणुबाँबच्या पुस्तकात शिक्षकांना मासा खटकला! 'कुरोई आमे'चा शेवटही माशांवरच आहे. शिगेमात्सू तळ्यात कोईची पिल्लं वाढवतोय, आणि डोंगरावर इंद्रधनुष्य उमटलं तर यासुको बरी होईल, असं स्वतःशी म्हणतोय. उमटणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. एका पुस्तकात मासा पोसणारा, दुसऱ्यात पळवणारा. मला आता पळवणारा जवळचा वाटायला लागलाय.

*

ओसामू तेझुकांची 'आडोल्फ' (1983-85). कोबे शहरात दोन पोरं, दोघांचं नाव आडोल्फ. एक ज्यू बेकरीवाल्याचा मुलगा कामिल, दुसरा जर्मन बाप आणि जपानी आईचा काउफमान. तिसरा आडोल्फ बर्लिनमध्ये. हिटलरच्या अंगात ज्यू रक्त असल्याचे कागद, त्यांच्यामागे गेस्टापो, 1936 चं ऑलिंपिक, एक जपानी बातमीदार. कथानक इतकं ताणलेलं की चुर्र चुर्र आवाज येतो. पण दोघं मित्र म्हातारपणाकडे झुकताना इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भांडणात बंदुका घेऊन समोरासमोर येतात, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं.

आणि कपाटातून 'रणांगण' काढलं. विश्राम बेडेकर, 1939. युद्ध पेटायच्या उंबरठ्यावर युरोपातून निघालेली बोट, बोटीवर पळून चाललेले ज्यू, चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा. तो मुंबईला उतरतो, तिला बोटीबरोबर पुढे पूर्वेकडे जायचंय. ती पोचत नाही, समुद्रात उडी घेते. तेझुकांना हे सगळं सांगायला हजारावर पानं आणि चाळीसेक वर्षांचं अंतर लागलं. बेडेकरांनी काय होणार हे ठाऊक नसताना, तेही शंभर-सव्वाशे पानांत लिहिलं. शाळेत असताना मी ती प्रेमकथा म्हणून वाचली होती. तेव्हा हॅर्टाचा कंटाळा आला होता. लाज वाटते.

*

तेझुकांचीच 'बुद्ध' (1972-83). पहिला भाग संपत येतो तेव्हा कुठे सिद्धार्थ जन्मतो. तोवर नायक दोन पोरं: चाप्रा हा शूद्र गुलाम आणि तात्ता हा गावाबाहेरचा, जनावरांच्या अंगात शिरू शकणारा. चाप्रा जात लपवून सेनापतीचा दत्तक मुलगा होतो. आईमुळे जात उघडी पडते आणि दोघंही मारले जातात. ही पात्रं कुठल्याच बौद्ध ग्रंथात नाहीत, तेझुकांनी घडवली. पण महाराष्ट्रात बसून वाचताना ती घडवलेली वाटत नाहीत. 1956 नंतरच्या नागपूरला बुद्धाकडे जायचा रस्ता चाप्राच्या घरावरूनच जातो. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात वृद्ध-रोगी-प्रेत ही दृश्यं बाजूला सारून शाक्य आणि कोलीयांचं रोहिणीच्या पाण्यावरचं भांडण गृहत्यागाचं कारण म्हणून मांडलंय. ओसाकात डॉक्टरकी शिकलेल्या चित्रकाराचं आणि त्यांचं कुठे भेटण्याचं कारण नव्हतं, पण दोघांनाही राजवाड्यातून सुरुवात करणं पटलं नाही.

तक्रार एक. भर गंभीर प्रसंगात तेझुका स्वतःचं नाकाडं घेऊन चौकटीत डोकावतात आणि आजच्या काळातला विनोद टाकतात. कीर्तनकाराला ते शोभतं, कारण त्याला समोरच्यांची जांभई दिसते.

*

योत्सुबा, वय पाच. कियोहिको आझुमांची. सिकाडे पकडते, आणि एसीने पृथ्वी तापते असं कळल्यावर शेजाऱ्यांना जाब विचारायला निघते. गोष्ट म्हणावं असं काही नाही. लंपनची 'मॅडसारखी' आठवण आली. पण प्रकाश नारायण संतांच्या लंपनला आजी-आजोबांच्या मायेतही घर सोडून आल्याची एक बारीक कळ असते, ती कानडी हेल असलेल्या त्या मराठीत मुरलेली. योत्सुबाला कसलीच कळ नाही. म्हणून ती सतत हसवते, आणि म्हणूनच लंपन जास्त दिवस राहतो.

*

जिरो तानिगुचींचा चालणारा माणूस. चष्मा, कुत्रा, झाडावर चढणं. पहिल्या वाचनाला वीस मिनिटं लागली आणि हाती काही आलं नाही. दुसऱ्यांदा त्याच्या चालीने वाचलं. पुढे लिहीत नाही, नाहीतर त्याला बडबड्या कोजिरो करून टाकीन.

*

खोक्याच्या बदल्यात भाचीला 'कोसला' पाठवली होती. तीन आठवडे काही नाही. मग मेसेज: "हा पांडुरंग किती बोलतो गं. गप्प करा कुणीतरी." मी उत्तर दिलं नाही. 1963 पासून कुणाला ते जमलेलं नाही, तिला काय सांगू?

परवा रात्री साडेअकराला फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

"मावशी, मनी जाते गं."

"हो."

"तू सांगितलं नाहीस."

"तू कुठे शेवटचं पान आधी पाहिलंस?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. तिच्या होस्टेलचा पंखा तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, खोक्यातला 'व्हॅगाबाँड'चा एकविसावा भाग मैत्रिणीला हवाय, कुरिअर कर. सकाळी शोधला. खालच्या कोपऱ्याला वाळवी लागलीये.