चार नावांचा कागद

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा माझ्या टेबलावर एक कागद पडलेला होता. त्यावर चार ठिकाणांची नावे होती आणि त्यांपैकी तीन खोडलेली होती. वसतिगृहातल्या दिवसांविषयी माझ्या बरोबरीचे माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी त्या कागदाविषयी लिहितो, कारण तोही शाळेमुळेच तयार झाला.

गेली काही वर्षे मी प्रस्तरारोहण करतो. त्यातल्या ज्या प्रकारात मी रमलो, त्याला स्पोर्ट क्लाइंबिंग म्हणतात. कड्यात आधीच छिद्रे पाडून पोलादी बोल्ट बसवलेले असतात. आरोहक चढताना एकेका बोल्टला दोर अडकवीत जातो आणि खाली उभा असलेला जोडीदार तो दोर सांभाळतो. हात सुटला तर माणूस थोडा खाली येऊन दोरावर लोंबकळतो, एवढेच. २०१६ साली नवी मुंबईत या खेळाच्या बिनदोरी प्रकाराची जागतिक चषक स्पर्धा भरली होती, ती मी गर्दीत उभा राहून पाहिली. पुढे २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. नववीच्या वर्गापुढे मी हे सारे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “दादा, आम्हाला कधी नेणार?” पालकांची संमती असेल तर पाच मुलांना न्यावे, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. न्यायचे कुठे, हे मी ठरवायचे होते.

हा प्रश्न मी एकदा चुकवलेला आहे. सहा वर्षांपूर्वी केवळ छायाचित्र पाहून मी एक कडा निवडला. पावसाळ्यानंतर तिथे कोणी गेले होते का, बोल्ट किती जुने आहेत, जवळचे रुग्णालय किती दूर, यांतले काहीही विचारले नाही. दुसऱ्या बोल्टच्या वर मित्राच्या हातातली धोंड निखळली आणि तो खालच्या कंगोऱ्यावर आदळला. टाच मोडली. त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायला आम्हाला पाच तास लागले. तो अजूनही किंचित लंगडत चालतो आणि त्याविषयी मला कधीच काही बोलत नाही.

म्हणून या वेळी कागद घेऊन बसलो. पहिले नाव थायलंडच्या राइलेचे होते, ते एका मित्राच्या उत्साहाखातर लिहिलेले. तिथे समुद्राच्या खाऱ्या हवेने साधे स्टेनलेस बोल्टसुद्धा आतून पोखरले जाऊन तुटू लागले, तेव्हा टायटॅनियमचे बसवावे लागले. पाच मुलांचे पारपत्र काढण्याच्या विचारानेच ते नाव खोडले गेले. दुसरे कान्हेरीचे. त्या परिसरात मुंबईचे आरोहक वर्षानुवर्षे सराव करीत आले आहेत. पण जिथे शंभराहून अधिक लेणी भिक्खूंच्या निवासासाठी छिन्नीने कोरली गेली, त्या कातळाजवळ ड्रिल घेऊन जायचे, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला. हे नाव खोडायला क्षणभरही लागला नाही.

तिसरे नाव आपल्या घरचे होते. चारोटीकडून महामार्गाने जाताना विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर आणि त्याचा सुळका आपण सर्वांनी पाहिला आहे. गाडीभाडे जवळजवळ नाही, मुलांना ओळखीचा डोंगर, रात्री परत वसतिगृहात. कागदावर त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नव्हते. एका रविवारी मी शाळेच्या स्वयंपाकघरात भाकरी खाता खाता तो बेत मावशींना सांगितला. सुळक्यावर दहा-बारा बोल्ट मारले की आपल्याच तालुक्यात एक मार्ग तयार होईल, असे मी म्हणालो.

मावशींचा तव्यावरचा हात थांबला. “कोणाला विचारलंस?”

वन विभागाची परवानगी काढू, असे मी म्हणालो. त्यांनी तेच पुन्हा विचारले. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत वाघाडीचे पुजारी मध्यरात्री त्या शिखरावर ध्वज चढवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. खाली माणसांचा समुद्र आणि वर अंधारात एक माणूस, तोही एकाही बोल्टशिवाय. माझ्या घरी त्या देवीची पूजा नव्हती. बहुधा म्हणूनच मला तिथे नुसता दगड दिसला असावा. कान्हेरीचे नाव ज्या कारणासाठी मी चटकन खोडले, नेमके तेच कारण इथे मला शेजारणीकडून ऐकावे लागले. याची लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. ते नाव मी मावशींसमोरच खोडले. त्यांनी दुसरी भाकरी वाढली.

राहिले बदामी. बागलकोट जिल्ह्यातल्या या गावाभोवती तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे आहेत. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट थराथरांचा, पावसाळ्यात पाणी मुरून सैल होणारा. तिथला दगड घट्ट आणि त्यावरच्या आडव्या खाचा हाताला सहज मिळणाऱ्या. देशातल्या सर्वांत अवघड मार्गांत गणला जाणारा ‘गणेशा’ तिथेच आहे. पण आम्हाला हवे होते ते नवख्यांचे, जवळजवळ बोल्ट असलेले मार्ग, आणि तेही तिथे आहेत. तरीही या वेळी मी छायाचित्रांवर विसंबलो नाही. ऑक्टोबरात एकटा जाऊन आलो. प्रत्येक बोल्टचा नट हलवून पाहिला, हातोडीने आजूबाजूचा दगड वाजवून पाहिला. पोकळ दगड पोकळच वाजतो. एका सुरेख मार्गाच्या माथ्याशी आग्या मोहोळ लटकत होते, तो वगळला. सकाळी कोणता कडा सावलीत असतो, ते वहीत टिपले. मंदिरांच्या आणि लेण्यांच्या कड्यांपासून दूर असलेली बाजू घेतली. पौष पौर्णिमेला बनशंकरीची मोठी यात्रा भरते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून डिसेंबर धरला. मुंबईहून गदगकडे जाणारी गाडी सोलापूर-विजयपूर करीत बदामीला थांबते, तिची तिकिटे निघाली.

शेवटची सही राहिली होती, मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या वडिलांची. दिवाळीनंतर घर बंद करून ते भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. मी दोर पिशवीत घालून तिथे गेलो. कागदाकडे त्यांनी पाहिलेही नाही, दोर मात्र मागून घेतला. पूर्वी ते ताडी काढायला झाडावर चढत. दोराला पीळ देऊन, दातांनी दाबून, पायाखाली ताणून त्यांनी तो पाहिला.

“पोर वर असताना हा धरणार कोण?”

“मी.”

“ताडावर खाली कोणी धरायला नसतं,” ते म्हणाले. मग बराच वेळ दोर हातातच ठेवून बसले. “तू सकाळी जेवून घेत जा. उपाशी माणसाचं लक्ष राहत नाही.”

त्यांनी अंगठा उमटवला. शाईच्या आधी हाताला विटांची माती लागलेली होती. कागदावर तिचाही एक लाल ठसा आहे. ही स्मरणिका आपल्या हाती पडेल, तोवर आम्ही बदामीला जाऊन आलेलो असू.