पिक न घेता

गिटारच्या दुकानातला मुलगा गिटार दाखवताना हमखास पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, घेऊन वाजवतो. चार मोठे कॉर्ड झणझणून मारतो, दुकान भरून आवाज येतो आणि तो विजयी मुद्रेने म्हणतो, "आवाज बघा काका!" आवाज असतोच. पण मी पिक वापरत नाही. अंगठ्याने खालच्या जाड तारांवर ठेका धरायचा आणि त्याच वेळी तर्जनी-मध्यमेने वरच्या बारीक तारांवर धून काढायची, अशी ही फिंगरस्टाइल. अमेरिकेच्या दक्षिणेत शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय गायकांनी ती घडवली आणि पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकगीतं गाणाऱ्यांनी तिला आपलं वळण दिलं. या वाजवण्यात आवाज मोठा असणं हा शेवटून पहिला गुण. हलक्या हाताने तार छेडली तरी लाकूड बोललं पाहिजे, हा खरा गुण. तो किमतीच्या पट्टीवर लिहिलेला नसतो, म्हणून गिटार निवडायला मला बराच काळ लागला.

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याची गिटार पुण्याच्या घरातच राहिली. तिच्यावर बोटं फिरवता फिरवता मिसिसिपी जॉन हर्ट कानावर पडले आणि माझं पुढचं सगळं ठरून गेलं. हर्ट हे अ‍ॅव्हलॉन नावाच्या खेड्यातले शेतमजूर. 1928 मध्ये त्यांनी ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीसाठी थोडी गाणी ध्वनिमुद्रित केली. ती फारशी खपली नाहीत, आणि हर्ट गावी परतून पुन्हा शेतात राबू लागले. 1963 मध्ये एका रसिकाने त्यांच्याच गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून त्यांचा माग काढला, तेव्हा म्हातारपणी ते जगाला कळले. त्यांचा अंगठा घड्याळासारखा चालतो आणि वरची धून त्याची पर्वा न करता मजेत गात असते. एकच माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही.

मुलाच्या गिटारवर हे जमेना. अंगठा चालू झाला की धून बुडायची. माझी ताई शास्त्रीय संगीत शिकलेली. गिटारमधलं तिला काही कळत नाही, पण कान तिखट. ती एकदा ऐकून म्हणाली, "अरे, तुझा खर्ज बाकीच्यांना गिळतोय. हळू वाजव." हळू वाजवलं तर धून आणखीच बारीक व्हायची. हात शिकाऊ होता हे खरंच, पण दोष निम्मा गिटारच्या घडणीचाही होता.

ती गिटार ड्रेडनॉट जातीची. आपल्याकडे दुकानात टांगलेल्या बहुतेक गिटारी याच जातीच्या असतात, रुंद खांद्यांच्या आणि कंबर जवळजवळ नसलेल्या. हे नाव 1906 च्या एका ब्रिटिश युद्धनौकेवरून आलं. मार्टिन कंपनीने 1916 मध्ये डिटसन या दुकानासाठी हा आकार पहिल्यांदा बनवला. पुढे फिडल आणि बँजोच्या गदारोळात गिटारचे कॉर्ड ऐकू जावेत म्हणून तो वादकांच्या पसंतीला उतरला. खालचे स्वर दणदणीत, पिकने वाजवायला आणि गाण्याला साथ द्यायला उत्तम. पण बोटांनी वाजवणाऱ्याला त्या दणक्याची अडचणच होते, कारण त्याचा अंगठा मुळातच तर्जनीपेक्षा ताकदवान असतो.

मला हवा होता कंबर असलेला, मध्यम आकार. त्याची नावं कंपनीगणिक बदलतात: कॉन्सर्ट, ऑडिटोरियम, ट्रिपल-ओ, ओएम. यातली ओएम 1929 मधली. पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाला गिटारची मान बँजोसारखी लांब आणि मोकळी हवी होती, म्हणून मार्टिनने मानेवरचे चौदा पडदे (फ्रेट) अंगाबाहेर असलेली ही गिटार बनवली. आज चौदा पडदे बाहेर असणं इतकं सर्रास झालंय की त्यामागे एका बँजोवाल्याचा हट्ट होता हे कुणाच्या ध्यानात नसतं. जॉन हर्ट यांच्या अखेरच्या वर्षांतली गिटारही मध्यम अंगाचीच, गिल्ड कंपनीची एफ-30. हे वाचून मला उगाचच बळ आलं.

पुण्यातली दुकानं झाली, मग मुंबईत धोबीतलावला गेलो. तिथे 1865 पासूनचं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे आणि आसपासच्या गोवेकरी वस्तीमुळे पाश्चात्त्य वाद्यांची जुनी वहिवाट आहे. ताईला बरोबर नेलं. ती दुकानात खुर्ची ओढून माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मी एकच धून वेगवेगळ्या गिटारींवर वाजवायचो. नाव, किंमत, रंग तिला काहीच दिसत नसे. एका दुकानात एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी होत्या, किंमत सारखी, लाकूडही सारखं. तिने त्यातली एक ठाम नाकारली. "ही घशात गाते," म्हणाली. मलाही फरक स्पष्ट कळला. लाकूड झाडाचं असतं आणि दोन फळ्या सारख्या नसतात, म्हणून मी घेतलेल्या गिटारचं मॉडेल इथे सांगत नाही. तुमच्या हातात त्याच नावाची येईल ती हीच असेल असं नाही.

दोन गोष्टी मात्र मोजून बघता येतात. पहिली, नटची रुंदी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिथून जातात त्या पट्टीची. स्वस्त गिटारींत ती बहुधा 43 मिलिमीटर असते, तर फिंगरस्टाइलवाल्यांची आवडती 44.5. दीड मिलिमीटरने काय होणार, असं मला वाटलं होतं. माझी बोटं जाड आहेत. 43 वर मधल्या तारेवर बोट ठेवलं की शेजारची तार मुकी व्हायची, 44.5 वर ती सुटली. दुसरी गोष्ट, वरची फळी एकसंध आहे की प्लायवूडची. साउंडहोलच्या कडेला नीट बघा. वरच्या रेषा कडेच्या जाडीतून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर फळी एकसंध. आवाजाचा मोठा भाग या वरच्या फळीतून येतो, म्हणून पैसा इथे घालावा. बहुतेकदा ही फळी स्प्रूसची असते. सीडरचीही मिळते. ती हलक्या बोटाला आणखी पटकन बोलते, पण जोर लावला की लवकर दमते.

पाठ कशाची, यावर विक्रेते फार बोलतात. "काका, रोझवुड आहे." रोझवुड म्हणजे आपलं शिसवी, दक्षिण भारतातल्या जंगलांतलं. ब्राझीलचं रोझवुड मिळेनासं झाल्यावर मार्टिनने 1969 च्या सुमारास आपल्या नामांकित गिटारींना हेच भारतीय शिसवी लावायला सुरुवात केली. शिसवी पाठीचा आवाज खोल आणि लांब घुमतो. महोगनीचा सुका, नेमका असतो आणि एक स्वर दुसऱ्यावर सांडत नाही. अंगठ्याचा ठेका धरणाऱ्या वाजवण्याला मला महोगनी बरी वाटते. आणि 25 हजारांच्या आतल्या गिटारीत 'रोझवुड' म्हणजे बहुतेक वेळा प्लायवूडवर चिकटवलेला कागदाएवढा पापुद्रा, तेव्हा त्यावर भाळण्याचं कारण नाही.

शेवटी घेतली ती महोगनी पाठीची, स्प्रूसची एकसंध फळी असलेली ओएम आकाराची. ताईने मान न वळवता "हीच" म्हटलं होतं. तिचा एक आक्षेप मात्र दुकानदाराला कळलाच नाही. दुसऱ्या एका गिटारवर तार पडद्याला घासून किंचित झणझणत होती. तो ओशाळून ती बाजूला ठेवू लागला तर ताई म्हणाली, "राहू दे की, छान जवारी आहे!" मिरजेच्या तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाचं हे असं होतं. तंबोऱ्यात हीच झणझण कारागीर घोडी घासून मुद्दाम आणतात आणि तारेखाली धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. गिटारमध्ये तीच दोष ठरते, कारण इथे तार दर स्वराला वेगवेगळ्या पडद्यावर दाबायची असते.

गिटार घरी आली तरी तयार नव्हती. बेताच्या किमतीच्या गिटारी कारखान्यातून बहुतेकदा तारा उंच ठेवूनच येतात. तपासायला सोपं आहे: तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम जाईल इतकी हवी. माझ्या गिटारवर पोस्टकार्ड गेलं असतं. कारागिराने नटच्या खाचा खोल केल्या, प्लास्टिकचं सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) काढून हाडाचं बसवलं आणि ते घासून बाराव्या पडद्यावरची उंची जाड तारेखाली 2.2 आणि बारीक तारेखाली 1.8 मिलिमीटरवर आणली. पिकने झोडपणाऱ्याला हे फार खाली वाटेल, तार खडखडेल. बोटांनी वाजवणाऱ्याला चालतं. या एका दुपारच्या कामाने जेवढा फरक पडला तेवढा दहा हजारांनी महाग गिटार घेऊनही पडला नसता.

आता तारा. तारांचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. बाराचा सेट म्हणजे सर्वांत बारीक तार 0.012 इंच आणि खर्जाची 0.053. असा सेट सुरात लावला की सहा तारा मिळून 70 किलोहून जास्त ताण गिटारवर येतो. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर तो साधारण 40 किलो असतो, म्हणून नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधी चढवू नयेत. ब्रिज उखडतो. दुकानात कुणी "चालतं हो" म्हणालं तरी नाही.

सुरुवातीला मी अकराचा सेट लावला. बोटांना मऊ, नव्या शिकणाऱ्याला दिलासा. पण माझ्या गिटारची फळी थोडी जाड आहे, तिला हलवायला अकराचा ताण अपुरा पडत होता. आवाज गोड पण बारीक. शिवाय मला डीएडीजीएडी ट्यूनिंगचा नाद लागला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने ते रूढ केलं. मोरोक्कोतल्या ऊदवादकांच्या साथीला वाजवता यावं म्हणून त्याने ते काढलं असं सांगतात. नेहमीच्या ट्यूनिंगमधली पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक स्वर उतरवायची. 'डी'ला षड्ज मानलं तर खालून वर सा, प, सा, म, प, सा. ताईला नुसत्या मोकळ्या तारा छेडून दाखवल्या. ती म्हणाली, "पंचमाचा आणि मध्यमाचा तंबोरा एकदम लावलास की!" तेव्हापासून ती कधीमधी त्यावर बसून आलापी करते आणि मी फक्त अंगठा चालवतो. या उतरलेल्या ट्यूनिंगमध्ये अकराच्या तारा लुळ्या पडतात आणि खर्ज सुरावरून ढळतो. बाराचा सेट उतरवून लावला की बोटांना तो जवळपास अकरासारखाच लागतो आणि फळी मात्र पूर्ण बोलते. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

धातूचा वाद वेगळा. '80/20 ब्राँझ' म्हणून जे विकतात त्यात 80 टक्के तांबं आणि 20 टक्के जस्त असतं, म्हणजे ते पितळच, तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचं भावंड. नवं असताना लखलखीत वाजतं, पण माझ्या घामट बोटांखाली आठवडाभरात मंद होतं. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील असतं आणि किंचित फॉस्फरस. 1974 मध्ये डॅडारिओने ते गिटारच्या तारांत आणलं. आवाज ऊबदार, जास्त टिकणारा. मी तेच वापरतो. पावसाळ्यात मात्र प्लास्टिकचा पातळ लेप असलेल्या तारा घालतो. किंमत दुप्पट, स्पर्श जरा बुळबुळीत, पण गंजत नाहीत. 'सिल्क अँड स्टील' नावाच्या तारांत गाभ्याभोवती रेशीम असतं. त्या फार हळुवार वाजतात, रात्री घरात कुणाची झोप न मोडता वाजवायला चांगल्या, पण उतरलेल्या ट्यूनिंगला निरुपयोगी.

हवेचंही बघावं लागतं. पावसाळ्यात फळी ओल पिऊन फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी होते की मान आक्रसून पडद्यांची टोकं बोटांना टोचतात. गिटार पेटीत ठेवायची, पावसाळ्यात सिलिका जेल आणि उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या मध्ये राहिली की पुरे.

महागड्या गिटारचा मोह झाला की मी दोन माणसं आठवतो. 'कॉटन पिकिंग' ही बोटांनी वाजवण्याची शैली जिच्या नावाने ओळखली जाते ती एलिझाबेथ कॉटन डावखुरी होती. तिने लहानपणी साठवलेल्या पावणेचार डॉलरची स्टेला गिटार घेतली आणि तारा न बदलता ती उलटी धरून वाजवली. आणि बर्ट जान्श या गिटारवादकाचा 1965 चा पहिला अल्बम, ज्यावर ब्रिटनमधली वादकांची पुढची पिढी वाढली, तो उसन्या गिटारवर ध्वनिमुद्रित झाला, कारण त्या वेळी त्याच्याकडे स्वतःची गिटारच नव्हती.

तेव्हा वीस हजारांचं अंदाजपत्रक असेल तर सगळे वीस दुकानात देऊ नका. गिटार सतरापर्यंतची बघा. उरलेल्या तीन हजारांत कारागिराकडून सेटअप, हाडाचं सॅडल आणि बाराच्या फॉस्फर ब्राँझचे दोन सेट साधारण बसतात.