बंद व्हॉल्व्हचा भरवसा

भाऊबिजेला शिरड शहापुरास बहिणीकडे गेलो की अंगणापलीकडे हळद हिरवीगार उभी असते. ती शिजवण्याची धांदल मात्र उन्हाळ्याच्या तोंडी. गेल्या साली मी मुद्दाम त्या दिवसांत गेलो होतो. जन्मभर कारखान्यात फिटरकी केली. वाफेचा आवाज ऐकल्यावाचून करमत नाही, हेच खरे!

कुकरपाशी भाचा पान्हा घेऊन उभा होता. "मामा, वालातून वाफ यायलीय. आवळू का अजून?"

"थांब," मी म्हटले. गळती तीन जागची असते. दांड्यापाशी असेल तर आतली दोरी जळून कडक झालेली. जोडावर असेल तर गॅस्केट गेलेले. या दोन्ही दिसतात. तिसरी दिसत नाही. व्हॉल्व्ह बंद असूनही वाफ आतल्या आत पुढे सरकत राहते.

मी व्हॉल्व्ह बंद करविला, लांब सळईचे एक टोक त्यावर टेकवले आणि दुसरे कानाशी धरले. आत बारीक सूं-सूं चालूच होती. म्हणजे वाफ ड्रमात जात होती आणि बाया हळद काढायला त्याच ड्रमात हात घालीत होत्या!

बाही सारून भाच्याला मनगट दाखवले. विशीत 'बंद आहे' एवढ्या शब्दावर विसंबून मी एक जोड उघडला होता. त्याचा हा डाग.

आग ओढली, दाब उतरू दिला, मग व्हॉल्व्ह खोलला. बैठकीवर गंजाची खपली अडकलेली. ती न काढता रोज चाक जोराने आवळलेले, त्यामुळे बैठकीला चरा पडलेला. पेस्ट लावून तबकडी बैठकीवर घासली, नव्या दोरीचे वेढे भरले. पुन्हा वाफ धरून सळई लावली. आत शांत!

आमच्याच औंढा तालुक्यात लायगोची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत हवा ठेवायची नाही. तिथे गळती उलटी, बाहेरून आत. असली गळती शोधायला नळीवर बाहेरून हेलियम वायू सोडतात आणि आतले यंत्र त्याची चाहूल घेते. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे तिथं बी सळईच लावायची की, मामा!"

यंदा ओवाळताना बहीण म्हणाली, "दादा, ती सळई कुकरपाशीच टांगून ठेवलीय. ऐकल्याबिगर कुणी ड्रमात हात घालत नाही."

अशी ओवाळणी आजवर मला कुणी दिली नव्हती.