नववा कधी येणार?

वाट पाहण्याचं शास्त्र आमच्या पिढीइतकं कुणी आत्मसात केलं नसेल. आम्ही टेलिफोनसाठी नंबर लावला, गॅससाठी लावला, स्कूटरसाठी लावला. नंबर लावताना जो मुलगा आईच्या कडेवर होता, तो स्कूटर आली तेव्हा तीवर मागे बसून शाळेत गेला, अशी घरं आमच्या पेठेत होती. 'नंबर लावलाय' असं सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा एक तेज असे. स्कूटर आली की ते तेज जाई, कारण मग ती सकाळी तिरपी करून किका माराव्या लागत.

हल्ली सकाळी मागवलेली वस्तू दुपारी दारात येते. अशा मुलांना वाट पाहायला शिकवणार कोण, याची मला काळजी होती. ती 'मारिओ कार्ट' नावाच्या खेळानं मिटवली.

ज्यांच्या घरी नातवंडं नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. जपानात क्योटोला निन्टेन्डो नावाची कंपनी आहे. ती १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी सुरू झाली, म्हणजे घराणं मूळचं पत्त्यांचंच. या कंपनीनं १९९२ साली छोट्या मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ काढला. मोटारी म्हणजे चार चाकांवर ठेवलेले पाट. हाकणारा नायक मारिओ हा मिशाळ नळदुरुस्तीवाला. एरवी एक आग ओकणारं अगडबंब कासव राजकन्येला पळवतं आणि हा तिला सोडवून आणतो. पण शर्यतीच्या दिवशी तो, कासव आणि राजकन्या एका रांगेत उभे राहतात. शर्यत संपली की पुन्हा पळवापळवी सुरू. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आणि नंतरचं चहापान ज्यानं पाहिलं आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

मला हा खेळ आपला वाटला तो सीसीमुळे. सोपी शर्यत ५० सीसीची, मधली १०० ची आणि अवघड १५० ची. ५० सीसी म्हटलं की पुण्याच्या माणसाला दुसरं काय आठवणार? लुना! आणि १५० म्हणजे आमची स्कूटर. पुढे २०१५ साली त्यांनी २०० सीसीही आणली, पण त्या वयात मी ती घेतली नसती. नातवाला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी लुनावर बसणार. तुला काय उडायचं ते उड."

या खेळाचं खरं मर्म मात्र वेगात नाही. वाटेत प्रश्नचिन्हांच्या पेट्या लोंबत असतात, त्या फोडल्या की काहीतरी हाती लागतं. काय लागेल हे तुमच्या नंबरावर ठरतं. जो पुढे, त्याला केळ्याची साल नाहीतर एखादं नाणं. जो मागे, त्याला घबाड. अगदी मागे असाल तर तुमचा बंदुकीच्या गोळीसारखा बाण होतो आणि तो आपोआप चारसहा जणांना मागे टाकतो. १९९६ च्या खेळापासून निळं कवच नावाचं अस्त्र आलं. ते मागच्यानं सोडलं की थेट पहिल्या नंबराला जाऊन लागतं. हुशार मुलाला नजर लागते म्हणतात, ती इथं निळ्या रंगात दिसते. दरीत कोसळलात तरी ढगावर बसलेलं एक कासव गळ टाकून तुम्हाला वर काढतं आणि रस्त्यावर ठेवून देतं. तेही अर्ज न मागता. शेवटच्या माणसाची इतकी काळजी घेणारी व्यवस्था मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. म्हणून तर एकाच सोफ्यावर सहा वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेला माणूस शेजारी बसून खेळू शकतात, आणि दोघांनाही दुसऱ्यानं मुद्दाम हरून दाखवावं लागत नाही.

आमची मुलगी न्यू जर्सीत असते. २०१४ साली आठवा भाग आला तेव्हा नातू सहा वर्षांचा होता. आमचं मराठी आणि त्याचं मराठी यांत बरंच अंतर होतं, पण केळ्याची साल दोघांनाही कळत होती. "आजोबा, मागे बघा!" हे त्याचं पहिलं अस्खलित मराठी वाक्य या खेळामुळे तयार झालं. आम्ही पुण्याला परत आलो. मग दर रविवारी फोनवर तब्येत, पाऊस आणि शाळा झाली की शेवटी एकच विषय निघे : नववा कधी येणार?

आधीचे भाग दोन-तीन, फार तर चार-पाच वर्षांनी येत गेले होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. २०१७ साली त्यांनी आठवाच भाग नव्या यंत्रासाठी 'डीलक्स' करून आणला. हे आपल्याकडच्या क्रमिक गाइडांसारखं झालं : आवृत्ती सुधारित, धडे बहुतेक तेच. पण लोकांनी तो सहा कोटींहून अधिक घेतला. ज्याचा आठवा इतका खपतो तो नवव्याची घाई कशाला करेल? २०१९ साली फोनवरचा खेळ आला. तो आम्ही धरला नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये त्याच आठव्याला सहा हप्त्यांत ४८ रस्ते जोडले गेले आणि एकूण रस्ते झाले ९६. इतके रस्ते तर आमच्या वॉर्डातही नाहीत.

नातू दर रविवारी वेधशाळेच्या गांभीर्यानं अंदाज वर्तवी. "आजोबा, या वर्षी नक्की." मी म्हणे, "पाहू." सौभाग्यवती आतून विचारी, "अहो, कोण नववा? कुणाला दिवस गेलेत?"

त्याचा आवाज मध्येच फुटला. रविवारी त्याला क्लास सुरू झाला. फोन पंधरा मिनिटांचा झाला, मग दहाचा. तब्येत आणि पाऊस कधीकधी गळून जाई. नववा मात्र कधी गळला नाही.

१६ जानेवारी २०२५ ला नव्या यंत्राची एक छोटी फिल्म आली. तीत काही क्षण नवी शर्यत दिसत होती. जगभरच्या जाणत्यांनी ते चित्र थांबवून सुरुवातीच्या रेघेवरच्या जागा मोजल्या. भरल्या चोवीस! आठव्यात बाराच जण धावत. पत्रिका जुळवणारेही इतक्या बारकाईनं घरं मोजत नसतील. नातवानं अवेळी फोन करून बातमी दिली. आमच्याकडे रात्र होती. सौभाग्यवती दचकून उठली. "चोवीस जण," मी म्हणालो. ती म्हणाली, "जेवायला?"

२ एप्रिलला तपशील आला. नाव नववा नव्हतंच, 'मारिओ कार्ट वर्ल्ड'. किंमत ८० डॉलर. मी सवयीनं रुपये केले : सहा हजार आठशेच्या घरात. त्या किमतीवरून तिकडेही बराच गदारोळ झाला, हे ऐकून अमेरिकन माणसाबद्दल प्रथमच जवळीक वाटली. आणि एक गंमत : २००८ च्या खेळात जी गाय रस्त्यात आडवी यायची, तिला आता चालक म्हणून घेतलं होतं. आमच्याकडच्या गाईंना ही बढती मिळाली तर लक्ष्मी रोड मोकळा होईल.

५ जूनला खेळ आला तेव्हा आम्ही न्यू जर्सीतच होतो. दुकानात मला नातवानं नेलं, स्वतः मोटार चालवत. सतरा पूर्ण झाल्यामुळे त्याला नुकतंच लायसन मिळालं होतं. दोन्ही हात चाकावर, वळायच्या किती आधीपासून दिवा, पिवळ्या दिव्याला ब्रेक. ज्या मुलानं अकरा वर्षं मला दरीत ढकललं, तो म्हणाला, "आजोबा, पट्टा लावलात ना?"

नव्या खेळात सगळे रस्ते एकमेकांना जोडले आहेत आणि शर्यत न लावता नुसतं हिंडायची सोय आहे. मला तेच आवडलं. मी समुद्राच्या कडेनं लुनाच्या चालीनं हिंडत होतो आणि तो शेजारी बसून "इथून डावीकडे घ्या" म्हणत होता. मग एक शर्यत झाली. मी चोविसावा आलो. पूर्वी बारावा यायचो. दुसऱ्या दिवसापासून त्याची परीक्षा, मग उन्हाळ्याची नोकरी, मग कॉलेजचे अर्ज. यंत्र टीव्हीखाली बसून राही आणि मी हिंडत राही.

पुण्याला परतल्यानंतरच्या रविवारी फोन आला. तब्येत झाली, पाऊस झाला. मग दोघंही गप्प झालो. अकरा वर्षांत प्रथमच पुढचा विषय नव्हता. शेवटी मीच विचारलं, "काय रे, दहावा कधी येणार?"

तो हसला आणि म्हणाला, "आजोबा, नक्की सांगता येत नाही. पण बातम्या सुरू होतील लवकरच." आणि पंचवीस मिनिटं बोलत राहिला.

हिशेब मी करून ठेवला आहे. पुन्हा अकरा वर्षं लागली तर मी ८३ चा होईन आणि तो २८ चा. गुडघ्यांचं सांगता येत नाही, पण या खेळाला गुडघे लागत नाहीत. कंपनीनं सवडीनं घ्यावं. आमची काही घाई नाही, आम्ही नंबर लावलेला आहे.