सरोवराकाठची तालीम (भाग ३)

बुधवार

अ‍ॅन आर्बर सोडलं तेव्हा आभाळ दाटलेलं होतं, उत्तरेकडे येता येता मोकळं झालं. ट्रॅव्हर्स सिटीच्या अलीकडे दुतर्फा चेरीच्या बागा. जुलै हा तोडणीचा महिना, त्यामुळे रस्त्याकडेला टेबलं मांडून लोक विकायला बसलेले. ताईने दोन खोकी घेतली.

भाचीचं संगीत शिबिर जिथे भरतं ते इंटरलॉकन आहे ग्रीन लेक आणि डक लेक या दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. मिशिगनचं जुनं जंगल एकोणिसाव्या शतकात लाकडासाठी साफ झालं, पण शेजारच्या सरकारी उद्यानातले पांढरे पाइन वाचले. शिबिराच्या झाडीत सरावासाठी छोट्या छोट्या कुट्या आहेत. एकीत ओबोवर चार सुरांची एकच ओळ घासली जात होती, पलीकडे ट्रॉम्बोन. थांबून ऐकत राहावंसं वाटलं.

भाची भेटली ती निळ्या गणवेशात, पाठीवर व्हायोला. “मावशी, दहाच मिनिटं आहेत. सेक्शनल आहे.” म्हणजे एकेका वाद्यगटाची वेगळी तालीम. चेरी घेतल्या नि पळाली.

गुरुवार

हे शिबिर मुलांच्या ओढीतून जन्मलं, हे मला फार मोलाचं वाटतं. १९२६ साली जोसेफ मॅडी या संगीतशिक्षकाने डेट्रॉइटच्या एका परिषदेसाठी देशभरातल्या शाळांतून मुलं गोळा करून ऑर्केस्ट्रा उभा केला. मोजक्या दिवसांत सूर जुळतात न जुळतात तोच पांगायची वेळ येई, आणि मुलांचा पाय निघत नसे. म्हणून १९२८ च्या उन्हाळ्यात मॅडीने इथल्या एका हॉटेलच्या आवारात पहिलं शिबिर भरवलं. ११५ मुलं आली.

पुढे इथले कार्यक्रम रेडिओवरून देशभर जाऊ लागले. १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो याने ते बंद पाडले. हौशी मुलांनी फुकट वाजवलं तर पोटासाठी वाजवणाऱ्यांनी काय करायचं, हा त्याचा सवाल. ध्वनिमुद्रणाने वादकांची कामं जात असताना ही चिंता खोटी नव्हती. पण तिची किंमत शाळकरी मुलांनी का मोजावी? मॅडी लढत राहिला, त्यासाठी संघटनेतून काढलाही गेला.

शुक्रवार

आज तालमीला मागच्या बाकावर बसायला मिळालं. द्वोरझाकची आठवी सिंफनी. सुरुवातीची उदास, रुंद चाल चेलोंकडे आहे आणि व्हायोला तिच्याखाली साथीला. शिक्षकांनी व्हायोलावाल्यांना वाद्यं मांडीवर ठेवायला लावली आणि चेलोंची चाल गायला सांगितली. मुलं लाजली, हसली, मग गायली. दुसऱ्यांदा जरा मोकळ्या गळ्याने. त्यानंतर गज हातात घेतले, तेव्हा तीच साथ वेगळी वाजली. चाल कुठे श्वास घेते, हे आता त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडेही तबलजी आणि पेटीवाला गायकाचा श्वास ओळखूनच साथ करतात. पण तिथे दोघं-तिघं असतात आणि तो जम बसायला वर्षं जातात. इथे ऐंशीएक अनोळखी मुलांना आठवड्याभरात एकमेकांचं ऐकू यायला हवं. एकत्र जेवणं, एका केबिनमध्ये झोपणं, सकाळी अर्धवट झोपेत पुन्हा त्याच माणसाशेजारी बसणं, या सगळ्याचा त्यात हात आहे. शनिवारच्या क्लासने हे होत नाही, अशी माझी खात्री पटत चालली आहे.

पूर्वी इथे ऑर्केस्ट्रातल्या पुढच्या खुर्च्यांसाठी दर आठवड्याला चढाओढ असे. मागचा पुढच्याला आव्हान देई, दोघं तोच तुकडा वाजवत आणि बाकीचे डोळे मिटून ऐकत, हात वर करून कौल देत. नाव-चेहरा न बघता ऐकण्याची ती सवय मला आवडते. पण सगळ्यांसमोर एक खुर्ची मागे सरकण्याचा घाव पंधरा वर्षांच्या पोरीने का सोसावा, ते कळत नाही.

रविवार

क्रेस्गी सभागृहाला छप्पर आहे, बाजू मोकळ्या. मंचामागे ग्रीन लेक. द्वोरझाकच्या शेवटच्या भागात ट्रम्पेट्सनी ललकारी दिली आणि ताईने माझा हात घट्ट धरला.

कार्यक्रम संपल्यावर इथे हॉवर्ड हॅन्सनच्या दुसऱ्या सिंफनीतली (१९३०) एक धून वाजते. कंडक्टर बाजूला होतो, ती धून मुलांतलाच एकजण चालवतो. तिच्यानंतर टाळ्या नाहीत. मोसमाच्या अखेरीला दरवर्षी लिस्टचं ‘ले प्रेल्यूद’ असतं. तेव्हा आम्ही इथे नसू, याची चुटपुट लागली.

सोमवार

न्याहारीला ताईशी पैशांचं बोलणं निघालं. फी जबर आहे. शिष्यवृत्त्या आहेत, पण सगळ्यांना पुरत नाहीत. कार्नेगी हॉलने २०१३ पासून सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांचा राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा चालवला आहे, तो मात्र निवडलेल्यांना मोफत. मला तोच रस्ता योग्य वाटतो.

मुलांच्या हाती वाद्य देणं आपल्याला परकं नाही. गोव्यात चर्चच्या शाळांनी पोरांच्या हातात व्हायोलिन दिलं, स्वरलिपी शिकवली आणि त्याच पोरांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्याच्या खुर्च्यांवर अजूनही बरेच वादक परदेशातून आणावे लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचगणीच्या एखाद्या निवासी शाळेच्या इमारती रिकाम्या असतात. तिथे साठ मुलं, चांगले शिक्षक आणि सहा आठवडे, एवढं जमवता येणार नाही का? कुणी मनावर घेतलं तर माझा वाटा मी आनंदाने उचलेन.

उद्या मॅकिनॉच्या पुलाकडे निघायचं. निरोपासाठी भाचीला फोन लावला. “मावशी, आत्ता नको गं, शोस्ताकोविचचे पार्ट्स वाटतायत!”